चुली पाच, दार एक : घरकुलाचे निकष ठरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
ग्रामीण घरकुल योजनेचे निकष ठरवणारे आणि अरुणाचल प्रदेशात ती राबवणारे सर्व संबंधित अधिकारी

विषय : न्यीशी समाजाच्या लांबघरांची ‘कच्ची घरे’ म्हणून होणारी नोंद आणि एका छपराखाली राहू इच्छिणाऱ्या कुटुंबांना न मिळणारा पर्याय

महोदय, महोदया,

मी मूळची सातारा जिल्ह्यातली, गणिताची निवृत्त शिक्षिका. माझ्या नोकरीतली अकरा वर्षे अरुणाचल प्रदेशातल्या कुरुंग कुमे जिल्ह्यात न्यीशी मुलांना शिकवण्यात गेली. त्यातली पहिली दोन वर्षे शाळेला निवासाची सोय नव्हती, म्हणून मी गावातल्या एका लांबघरात, म्हणजे अनेक कुटुंबे आपापल्या चुलींसह एकत्र राहतात अशा घरात, राहिले. निवृत्तीनंतरही बहुतेक हिवाळ्यात मी त्या घरी जाते. २०२५ च्या जानेवारीत तिथे गेले असताना त्या घराच्या दारात जे पाहिले, ते आपल्यापर्यंत पोहोचवण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. पत्र मराठीत आहे, कारण याच योजनेची घरे महाराष्ट्रातही गावोगाव उभी आहेत, घरकुल हा शब्द इथल्या शेतमजुरालाही ठाऊक आहे आणि निकषांचा प्रश्न फक्त दूरच्या एका डोंगराचा नाही. या पत्राची हिंदी प्रत आपल्याकडे स्वतंत्रपणे पाठवली आहे.

त्या दिवशी घरकुलाच्या नव्या सर्वेक्षणासाठी एक तरुण आला होता. तो न्यीशीच होता, सभ्य होता आणि नेमून दिलेले काम प्रामाणिकपणे करत होता, हे आधीच सांगते. त्याने पहिल्या चुलीच्या नवरा-बायकोला दारात उभे केले, मोबाईलवर त्यांच्या चेहऱ्यांची ओळख पटवली आणि घराचे छायाचित्र घेतले. मग दुसऱ्या चुलीचे जोडपे बोलावले. मग तिसऱ्या चुलीचे. असे पाच वेळा झाले. पाचही छायाचित्रांत दार एकच होते, दाराशी टेकवलेला खाचांचा ओंडका तोच होता आणि बाजूला वेताच्या डालग्यात ठेवलेला लाल कोंबडाही तोच होता. घरातला थोरला मुलगा त्या तरुणाला म्हणाला, “भाई, घर तो एक ही है, पाँच कैसे लिखेगा?” तरुणाने नम्रपणे सांगितले की एका कुटुंबाच्या नावावर एकच घर भरता येते, पाच कुटुंबे आहेत, म्हणजे पाच घरे होतील. चुलीपाशी बसलेल्या आजी, ज्यांना मी पहिल्या दिवसापासून आजीच म्हणत आले, काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारले की पाच घरांपैकी त्यांनी कोणत्या घरात झोपायचे. त्याचे उत्तर कुणाकडेच नव्हते.

आपल्यापैकी ज्यांनी लांबघर आतून पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी ते कसे असते ते सांगणे मला आवश्यक वाटते, कारण निकष कागदावर ठरतात आणि कागदावर या घराचे वर्णन ‘बांबूच्या भिंती, पानांचे छप्पर, एक खोली’ एवढ्यावर संपते.

हे घर खांबांवर उभे असते. खाचा पाडलेल्या ओंडक्यावरून चढून पुढच्या पडवीत जायचे. पडवीतून आत शिरले की एकच लांबलचक दालन लागते आणि ते थेट मागच्या पडवीपर्यंत जाते. मध्ये आडवी भिंत नाही. बाजूच्या भिंती चेचून सपाट केलेल्या बांबूच्या, पायाखाली बांबूचीच जमीन, पाऊल पडेल तशी किंचित लवणारी. छपरावर टोकोची पाने असतात. टोको हे ताडाच्या कुळातले झाड, त्याची पाने पंख्यासारखी, आणि ती अशा रीतीने एकावर एक बसवतात की तिथल्या पावसातही आत थेंब येत नाही. सगळे घर वेताने बांधलेले असते. दालनाच्या मधोमध एका ओळीत चुली असतात, लाकडी चौकटीत माती भरून केलेल्या. प्रत्येक चुलीवर बांबूची माचाणे एकाखाली एक टांगलेली असतात. खालच्या माचाणावर मांस आणि मासे वाळतात, वरच्यावर धान्य किंवा ओले लाकूड. वर्षानुवर्षे धूर लागून त्या माचाणाचे बांबू शिसवीसारखे काळे आणि तुकतुकीत झालेले असतात. बोट फिरवले तर काजळी लागत नाही, इतकी ती आत मुरलेली असते. हाच धूर छपरापर्यंत पोहोचतो आणि बांबूला कीड लागू देत नाही. धान्याची कोठारे मात्र मुद्दाम घरापासून दूर बांधतात, म्हणजे घराला आग लागली तरी वर्षाचे धान्य वाचते.

प्रत्येक चूल एका कुटुंबाची असते. पूर्वी एका पुरुषाच्या अनेक बायका असत, तेव्हा प्रत्येकीची चूल वेगळी असे. लग्न झालेल्या मुलांच्या आणि भावांच्या चुलीही त्याच ओळीत वाढत जात. एकाच घरात दहा-बारा कुटुंबे नांदत असल्याच्या नोंदी १९४० च्या दशकात तिथे गेलेल्या अभ्यासकांनी करून ठेवल्या आहेत. मी राहायला गेले तेव्हा आमच्या घरात नऊ चुली होत्या. आज पाच आहेत.

आपल्या मराठीत ‘चूल वेगळी झाली’ म्हणजे घर फुटले. भावाभावांत वाटणी झाली की पहिली बातमी चुलीची येते, आणि शिधापत्रिका वेगळी हवी असेल तर कागदोपत्री चूल वेगळी दाखवण्याची पद्धतही आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. जनगणनाही तेच मानते : एका स्वयंपाकघरात जेवणारे ते एक कुटुंब. मीही हीच समजूत घेऊन तिकडे गेले होते. सातवीच्या वर्गात सरासरी शिकवताना मी मुलांना विचारले होते की तुमच्या घरात माणसे किती. आमच्याच घरातली, तीन वेगवेगळ्या चुलींवरची तीन मुले त्या वर्गात होती. तिघांनीही एकच आकडा सांगितला : एकेचाळीस. मी त्यांना तीन वेगळ्या संख्या येतील असे गृहीत धरून उदाहरण रचले होते. फळ्यावरचे गणित मला पुसावे लागले. चुली वेगळ्या असूनही घर एक असू शकते, हे मला त्या दिवशी त्या मुलांकडून कळले, आणि माझी आपल्याकडे पहिली विनंती हीच आहे की आपल्या तक्त्यांनाही ते कळू द्यावे.

कारण त्या समाजात घर हे फक्त राहण्याचे ठिकाण नाही. शेजारच्या आदी समाजात केबांग नावाची गावसभा असते, आपातानींमध्ये बुलियांग नावाची जाणत्यांची मंडळी असते. न्यीशींमध्ये परंपरेने तशी गावावर हुकमत चालवणारी सभा नव्हती. त्यांचे सगळे व्यवहार घराला धरून चालत. दोन घरांत तंटा झाला, तर दोघांनाही मान्य असलेला मध्यस्थ या घरातून त्या घरात जात-येत राही, आणि त्याचे बोलणे चुलीपाशी बसून ऐकले जाई. लग्नाची बोलणी, वधूमूल्य म्हणून किती मिथुन (गव्यासारखी तिकडची गुरे) द्यायचे याची घासाघीस, कर्जाची कबुली, हे सगळे चुलीपाशीच होते. चुलीच्या कोणत्या बाजूला पाहुण्याने बसायचे आणि कोणत्या बाजूला घरच्या बाईने, हेही ठरलेले असते. आजारी माणसासाठी न्यीबू, म्हणजे त्यांचा पुरोहित, येतो आणि कोंबडीचे काळीज पाहून कारण सांगतो, तेही सगळ्या चुलींच्या देखत. भिंतीवर ओळीने मिथुनांच्या कवट्या लावलेल्या असतात. कोणती कोणाच्या लग्नाची, कोणती कोणत्या विधीची, हे आजींना तोंडपाठ आहे. त्या घराची वंशावळ त्या भिंतीवर आहे.

माझ्या पहिल्या पावसाळ्यात मला मलेरिया झाला. रस्ता खचलेला होता, दवाखान्यापर्यंत जाण्याचा मार्ग नव्हता. चार रात्री घरातल्या बायकांनी आळीपाळीने माझ्याजवळची चूल पेटती ठेवली. मी ज्या चुलीवर जेवत असे तिची मालकीण दमून झोपली की पलीकडच्या चुलीवरची उठून यायची. कुणी कुणाला हाक मारलेली मी ऐकली नाही. भिंत नसल्यामुळे माझे कण्हणे सगळ्यांनाच ऐकू जात होते, एवढेच. माझ्यासारख्या परक्या बाईला त्या भिंत नसलेल्या घराने वाचवले, म्हणून या विषयावर तटस्थपणे लिहिणे मला शक्य नाही आणि तसा दावाही मी करणार नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार ‘कच्चे’ या शब्दाबद्दल आहे. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जात सर्वेक्षणापासून लाभार्थी निवडताना बेघर कुटुंबे आणि कच्च्या भिंती, कच्चे छप्पर असलेली शून्य, एक किंवा दोन खोल्यांची घरे हा आधार धरला गेला. बांबू आणि पाने म्हणजे कच्चे, आणि आडवी भिंत नाही म्हणजे एक खोली. या हिशेबात तीस मीटर लांबीचे, चाळीस माणसांना सामावणारे, गावातले सर्वांत मोठे घर म्हणजे एका खोलीचे कच्चे घर ठरते. गरजू कुटुंबांना मदत मिळावी म्हणून हा निकष केला गेला हे मी जाणते, आणि त्या घरातल्या माणसांना मदतीची गरज नाही असेही माझे म्हणणे नाही. पण मुलांवर या शब्दाचा काय परिणाम होतो ते मी वर्गात पाहिले आहे. आपले घर सरकारी कागदात ‘कच्चे’ आहे हे कळल्यावर एका मुलाने निबंधात आपल्या घराचे वर्णन करताना ते विटांचे असल्याचे लिहिले होते. या समाजाने स्वतःला कधीही न लावलेले ‘दाफला’ हे नाव राज्यघटनेखालच्या अनुसूचित जमातींच्या यादीतून काढून तिथे ‘न्यीशी’ लिहायला २००८ साल उजाडावे लागले. चुकीचे नाव दुरुस्त करता येते, हे आपणच तेव्हा दाखवून दिले आहे.

शिवाय आपल्या योजनेतली पक्क्या घराची व्याख्या सिमेंटचे नाव घेत नाही. वाजवी देखभाल केली तर हवामान आणि रोजचा वापर सोसून किमान ३० वर्षे टिकेल ते घर पक्के, असे ती सांगते. प्रक्रिया केलेला बांबू या व्याख्येत बसू शकतो. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत बांबूच्या बांधकामासाठी स्वतंत्र विभाग आहे. म्हणजे नियमात जागा आहे. ती प्रत्यक्ष अंमलबजावणीत दिसत नाही.

दुसरी तक्रार सर्वांत मोठी आहे आणि ती मोजणीची आहे. योजना नवरा, बायको आणि अविवाहित मुले यांना एक कुटुंब मानते आणि एका कुटुंबाला एक घर देते. डोंगराळ राज्यांत त्यासाठी १ लाख ३० हजार रुपये मिळतात, घर किमान २५ चौरस मीटरचे असावे लागते, आणि शौचालयासाठी १२ हजार रुपये वेगळे. मी गणिताची शिक्षिका असल्यामुळे आमच्या घरापुरता हिशेब करून पाहिला. पाच कुटुंबांचे मिळून साडेसहा लाख रुपये होतात, शौचालयांचे ६० हजार निराळे. पाच घरांचे किमान क्षेत्रफळ मिळून १२५ चौरस मीटर. त्याच दुपारी मी टेप घेऊन लांबघर मोजले : लांबी साडेएकतीस मीटर, रुंदी साडेसहा मीटर, म्हणजे दोनशे चौरस मीटरांहून थोडे अधिक. ज्यांच्या डोक्यावर आज दोनशे चौरस मीटरांचे छप्पर आहे, त्यांना सव्वाशे चौरस मीटरांचे छप्पर पाच तुकड्यांत देण्यासाठी आपण साडेसहा लाख खर्च करणार आहात.

घरातल्या माणसांनी त्या रात्री चुलीपाशी बसून जे ठरवले ते मला फार शहाणपणाचे वाटले. साडेसहा लाख एकत्र मिळाले, तर कुजलेले खांब बदलून खाली काँक्रीटचे जोते घालायचे, जुना बांबू काढून प्रक्रिया केलेला बसवायचा, चुलींवर धूर बाहेर नेणारी नळी लावायची, मागच्या पडवीला जोडून बायका आणि पुरुषांसाठी वेगळी शौचालये बांधायची, आणि ज्या दोन सुनांना हव्या आहेत त्यांना आतल्या आत दार लागणाऱ्या खोल्या करून द्यायच्या. दुसऱ्या दिवशी ते हा विचार घेऊन कार्यालयात गेले. त्यांना सांगण्यात आले की असे करता येत नाही. जागा वेगळी, पाया वेगळा, प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र वेगळे, तरच हप्ता. कोणत्या कार्यालयात आणि कोणी सांगितले हे मी लिहीत नाही, कारण समोरचा कर्मचारी त्याच्या हातातल्या सूचनांप्रमाणेच बोलत होता. प्रश्न त्या सूचनांचा आहे. आपल्या चौकटीत एकत्र बांधणीला वाव असेल, तर तो जिल्ह्याजिल्ह्याला स्पष्ट शब्दांत कळवला गेलेला नाही. वाव नसेल, तर अनुदान देताना घर सोडण्याची अट आपण नकळत घातली आहे.

या अटीचे फळ मी पाहिले आहे. आमच्या घरातल्या दोन कुटुंबांना आधीच्या फेरीत घरे मिळाली. डोंगराचा उतार यंत्राने कापून तिथे सपाट जागा केली, तीन बाजूंनी भिंती आणि वर पत्रे. पावसाळ्यात पत्र्यावर इतका आवाज होतो की समोरच्याचे बोलणे ऐकू येत नाही, आणि कापलेल्या उताराची माती दर जून-जुलैत मागच्या भिंतीवर येऊन बसते. डिसेंबरात त्यातले एक कुटुंब रात्री झोपायला लांबघरात परत येते, कारण नव्या घरात चूल जमिनीवर नीट मांडता येत नाही आणि सिमेंटची फरशी रात्रभर थंड राहते. दिवसा ते नव्या घराचे कुलूप काढून बसतात, कधी तपासणीला कुणी आले तर घर रिकामे दिसू नये म्हणून. सरकारी कागदात ते पक्क्या घरात राहतात.

तिसरी गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती आपल्या अभियंत्यांना माझ्यापेक्षा अधिक कळते. अरुणाचल प्रदेश देशातल्या सर्वाधिक भूकंपप्रवण भागात येतो. १५ ऑगस्ट १९५० च्या ८.६ तीव्रतेच्या भूकंपाच्या आठवणी तिथल्या जुन्या माणसांनी आपल्या मुलांना सांगितलेल्या आहेत. वेताने बांधलेले, हलके, लवचिक घर अशा जमिनीवर का उभे राहिले असेल, याचा विचार न करता त्याच जमिनीवर कमी पैशांत, कमी सळईत, कापलेल्या उतारावर विटांचे खोके उभे करणे मला धोक्याचे वाटते. २०२४ च्या सर्वेक्षणाच्या ॲपमध्ये लाभार्थ्यांना निवडण्यासाठी घरांचे त्रिमितीय नमुने आहेत, ही चांगली सोय आहे. त्यात खांबांवरचे, लांब, अनेक चुलींचे एक घर असावे अशी माझी मागणी आहे.

साहित्याचाही प्रश्न आहे. टोकोची पाने, चांगला वेत आणि जून बांबू मिळणे दर वर्षी अवघड होत चालले आहे. जंगल दूर गेले, टोको लावणारे कमी झाले. सिमेंट आणि पत्रा रस्त्याने दारात येतो, पानांसाठी दोन दिवस चालत जावे लागते. घर बांधायचे ठरले की आधी महिनोन्‌महिने साहित्य जमवतात आणि मग सगळा गाव मिळून थोड्या दिवसांत ते उभे करतो, ही पद्धत अजून टिकून आहे. पण साहित्यच नसेल तर गाव येऊन करणार काय? २०१७ मध्ये कायदा बदलून जंगलाबाहेरच्या बांबूला ‘झाड’ या व्याख्येतून वगळले, तसे एखादे साधे पाऊल टोको आणि वेताच्या लागवडीसाठीही उचलता येईल.

इथे मला दुसरी बाजूही मांडली पाहिजे, कारण ती खरी आहे आणि त्या घरातल्या बायकांनीच मला ती सांगितली. धुराने आजींचे डोळे गेले आहेत, जवळजवळ पूर्ण. एका ठिणगीने सगळे घर, म्हणजे एकाच वेळी पाच-सात कुटुंबांचा संसार, जळून जाऊ शकतो, आणि अशा आगी तिथे लागतात. मधल्या सुनेने मला स्पष्ट सांगितले की तिला कडी लावता येईल असे एक दार हवे आहे, आणि दहावीच्या मुलीला अभ्यासाला शांत कोपरा हवा आहे. एका पुरुषाच्या अनेक बायका एका ओळीत आपापली चूल सांभाळत राहण्याची जुनी रीत पुन्हा यावी असे मला मुळीच वाटत नाही. न्यीशी बायकाच आज तिच्याविरुद्ध बोलत आहेत. म्हणून कुणालाही लांबघरात राहण्याची सक्ती करा, असे मी म्हणत नाही. ज्या कुटुंबाला वेगळे घर हवे त्याला ते आजच्यासारखेच मिळावे. ज्यांना एका छपराखाली राहायचे आहे त्यांनाही तेवढाच पैसा मिळावा, एवढेच मागणे आहे.

या समाजाला बदलता येत नाही असा कुणाचा समज असेल, तर तो चुकीचा आहे. न्यीशी पुरुषांच्या पारंपरिक टोपीवर धनेशाची चोच लावण्याची रीत होती. धनेश कमी होऊ लागले, तेव्हा अरुणाचलातल्याच पाक्के व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातल्या लोकांनी फायबरग्लासच्या चोची स्वीकारल्या आणि पुढे त्याच भागातले गावकरी धनेशांच्या ढोल्यांची राखण करू लागले. टोपी राहिली, पक्षीही राहिला. घराच्या बाबतीत काय ठेवायचे आणि काय बदलायचे हे ठरवण्याची तशीच संधी त्यांना मिळायला हवी, आणि माझी शेवटची तक्रार हीच आहे की ती देण्यात आलेली नाही. मी ज्या ज्या घरात विचारले, तिथे कुणीही मला असे सांगितले नाही की नमुना ठरवताना आमच्या बायकांना, गावबुढ्याला (गावच्या मुखियाला) किंवा न्यीबूला कुणी विचारले होते.

म्हणून मी आपल्याकडे स्पष्ट शब्दांत मागते. ज्या कुटुंबांनी लेखी संमती दिली असेल, त्यांची अनुदाने एकत्र करून एक लांबघर नव्याने बांधण्यास किंवा जुने दुरुस्त करण्यास परवानगी द्या, आणि त्यासाठी छायाचित्रांचे व हप्त्यांचे टप्पे घरासाठी एक ठेवा. मालकीच्या कागदावर प्रत्येक चुलीच्या स्त्रीचे नाव वेगळे लिहा, म्हणजे एकत्र राहताना तिचा हक्क कुठे हरवणार नाही. म्हाताऱ्या, एकट्या माणसांचीही त्या कागदावर नोंद करा. सर्वेक्षणाच्या तक्त्यात ‘पारंपरिक सामूहिक घर’ असा वेगळा रकाना घाला आणि त्यात चुली व माणसे दोन्ही मोजा. कच्चे-पक्के यांतून एक निवडण्याची सक्ती नको. धूर बाहेर नेणारी चूल, आग आटोक्यात ठेवण्यासाठी दोन चुलींमध्ये पुरेसे अंतर, वेगळी शौचालये आणि दार लागणाऱ्या खोल्या यांचा विचार करून दोन-तीन नमुने तयार करा. ते तयार करताना लांबघरे बांधणारे गावातले कारागीर आणि त्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायका यांना मानधन देऊन बोलवा. ईशान्येत योजनेचा ९० टक्के खर्च केंद्र उचलते, त्यामुळे निर्णय केंद्राचा की राज्याचा या प्रश्नात हे पत्र अडकू नये, अशी विनंती दोघांनाही करते.

माझ्यासारख्या बाहेरच्या बाईने हे का मागावे, असे कुणी विचारेल. हा प्रश्न योग्य आहे. मी त्या घरात कायमची राहत नाही, आणि न्यीशी लोकांच्या वतीने बोलण्याचा मला अधिकार नाही. त्या रात्री चुलीपाशी झालेले बोलणे मी लिहून घेतले, ते घरातल्यांना हिंदीत वाचून दाखवले, त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवली आणि पत्र पाठवायला सांगितले. इतकेच माझे काम आहे. थोरल्या मुलाने हिंदी प्रतीवर आपले आणि घरातल्या पाचही चुलींचे अंगठे व सह्या घेतल्या आहेत. अंगठा फक्त आजींचा आहे.

बांबू तिकडे कोरड्या हिवाळ्यात तोडतात. पावसाळ्यात तोडलेला बांबू लवकर किडतो. या हिवाळ्यात खांब बदलायचे की वेगळी घरे बांधायला घ्यायची, हे त्या घराला नोव्हेंबरच्या आत ठरवावे लागेल. मागच्या बाजूचा तिसरा खांब जमिनीलगत कुजला आहे, तो पुढचा पावसाळा काढेल की नाही याची थोरल्या मुलाला खात्री नाही. आपले उत्तर त्याआधी यावे.

आपली,
कुरुंग कुमे जिल्ह्यात अकरा वर्षे शिकवलेली एक शिक्षिका